शेजारी राष्ट्रांतील सलोखा आणि वास्तुकला : डिचोली व पेडणे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना

दोन शेजारी राष्ट्रांतील सलोख्याचा विचार करताना सर्वसाधारणपणे तह, व्यापार, वकिलाती आणि साहित्य-संगीताची देवाणघेवाण यांचा उल्लेख होतो. वास्तुकलेचा उल्लेख मात्र क्वचितच आढळतो. वस्तुतः युद्ध पेटले म्हणजे शत्रूच्या प्रार्थनास्थळावर, वाड्यावर किंवा पुलावर सर्वांत आधी घाव पडतो. आणि समेट झाला म्हणजे पडलेल्या वास्तूचे काय करावयाचे, हा प्रश्न सर्वांत शेवटपर्यंत शिल्लक राहतो. तहाचा कागद दप्तरात जातो, पण वास्तू रस्त्यावर उभी असते. येणारी प्रत्येक पिढी ती पाहते आणि तिच्यावरून शेजाऱ्याविषयी आपले मत बनवते. म्हणूनच वास्तू सलोख्याचे साधन होऊ शकते का, आणि होत असेल तर कोणत्या परिस्थितीत, हा प्रश्न अभ्यासाच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार गोव्यातील डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांच्या संदर्भात केला आहे. ही निवड सहेतुक आहे. आज हे तालुके भारतातील एका लहान राज्याचे भाग असले, तरी सुमारे चारशे वर्षे ते वेगवेगळ्या सत्तांच्या हद्दीवरचे मुलूख होते. विजापूरची आदिलशाही, मराठ्यांचे राज्य, सावंतवाडीचे भोसले, मोगल आणि पोर्तुगीज अशा पाच सत्तांची पावले येथे उमटली. १९४७ ते १९६१ या काळात तर पेडण्याची उत्तर सीमा ही स्वतंत्र भारत आणि पोर्तुगाल या दोन देशांमधील आंतरराष्ट्रीय सीमा होती. शेजारी सत्तांनी एकमेकांच्या वास्तूंशी कसे वर्तन केले, हे पाहण्यासाठी याहून सोयीचा प्रदेश सापडणे कठीण आहे.

बंदरातील मशीद

विषयाची सुरुवात डिचोलीच्याही आधी, कदंब राजांच्या काळापासून करावी लागते. अकराव्या शतकात जुवारी नदीच्या काठावरील गोपकपट्टण ही कदंबांची राजधानी आणि भरभराटीचे बंदर होते. अरबस्तानातून येणाऱ्या व्यापाऱ्यांची येथे वस्ती होती. त्या शतकाच्या मध्यास राज्य करणाऱ्या पहिल्या जयकेशीच्या ताम्रपटात एका वास्तूची माहिती मिळते. अरब घराण्यातील छडम नावाचा गृहस्थ राजाच्या सेवेत मोठ्या अधिकारावर होता. त्याने बांधलेल्या मशिदीच्या खर्चासाठी बंदरात येणाऱ्या गलबतांवर ठरावीक कर बसवण्यास राजाने मान्यता दिली. ताम्रपटात मशिदीसाठी ‘मिजिगिती’ असा शब्द आला आहे. या घराण्याच्या मूळ पुरुषाने, जयकेशीच्या पूर्वजाचे गलबत समुद्रात फुटले असता त्याला मदत केली होती, असाही वृत्तान्त या संदर्भात येतो.

येथे दोन बाबी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली बाब म्हणजे कदंब राजे श्री सप्तकोटेश्वराचे परमभक्त होते. आपल्या नाण्यांवर आणि लेखांत ते स्वतःला सप्तकोटेश्वराचा वरप्रसाद लाभलेले असे अभिमानाने म्हणवून घेत. स्वधर्मावरील ही निष्ठा परक्या व्यापाऱ्याच्या प्रार्थनास्थळाला मान्यता देण्याच्या आड आली नाही. दुसरी बाब अशी की, राजाने केवळ परवानगी देऊन हात झटकले नाहीत. वास्तूच्या देखभालीसाठी कायमचे उत्पन्न लावून दिले. हे उत्पन्न समुद्रापलीकडील व्यापारातूनच येणार होते. म्हणजे मशीद टिकायची तर व्यापार टिकला पाहिजे, आणि व्यापार टिकायचा तर परदेशी माणसाला बंदरात निर्धास्त वाटले पाहिजे, अशी ही परस्परांत गुंफलेली व्यवस्था होती.

एका नावाची दोन गावे

ज्या सप्तकोटेश्वराचे कदंब भक्त होते, त्याच्या देवालयाचा इतिहास म्हणजे शेजारी सत्तांच्या वर्तनाची जणू नोंदवहीच आहे. मूळ देवालय मांडवी नदीतील दिवाडी बेटावर नार्वे येथे होते. चौदाव्या शतकात बहमनी फौजांच्या स्वाऱ्यांत त्याची हानी झाली. पुढे विजयनगरचा मंत्री माधव याने त्याच शतकाच्या अखेरीस त्याची पुनःस्थापना केली. १५१० मध्ये अफोंसो द आल्बुकेर्क याने गोवा शहर आदिलशाहीकडून जिंकले. त्या वेळी शहरातील मुसलमानांची मोठी कत्तल झाली आणि त्यांच्या मशिदीही राहिल्या नाहीत. सोळाव्या शतकाच्या मध्यास तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या पोर्तुगीज मुलखातील हिंदू मंदिरांवर तीच पाळी आली. सप्तकोटेश्वराचे देवालय पाडण्यात आले.

येथून पुढचा भाग मननीय आहे. भाविकांनी देवाचे लिंग वाचवून नदीपलीकडे डिचोली महालात नेले आणि तेथे त्याची स्थापना केली. त्या नव्या जागेलाही नार्वे हेच नाव मिळाले. आजही दिवाडीवरील नार्वे आणि डिचोलीतील नार्वे ही एका नावाची दोन गावे नदीच्या दोन तीरांवर आहेत. त्या वेळी डिचोली महाल आदिलशाहीच्या ताब्यात होता. त्याच सुमारास सासष्टी व तिसवाडीतील अनेक देवतांच्या मूर्ती फोंड्याच्या परिसरात नेण्यात आल्या. तो मुलूखही तेव्हा आदिलशाहीत होता. मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथील आजची प्रसिद्ध देवस्थाने या स्थलांतरातून उभी राहिली. फोंड्यातील साफा मशीद आणि तिच्या शेजारचा कमानींनी सजवलेला तलाव १५६० च्या सुमारास आदिलशाही अमदानीत बांधला गेला, असे मानतात. म्हणजे एका मुस्लिम राजवटीच्या हद्दीत एकाच पिढीच्या काळात मशीद उभी राहत होती आणि जवळपासच्या गावांतून परमुलखातून आलेल्या देवांना आसराही मिळत होता.

या घटनेचा अर्थ लावताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. आदिलशाहीने ही मंदिरे बांधून दिली असे नव्हे. सत्तेने आडकाठी केली नाही, स्थानिक देसायांनी व महाजनांनी जागा दिली, आणि आलेल्या कुटुंबांना शेती-व्यापार करता आला, एवढेच म्हणता येईल. परंतु परागंदा माणसाच्या दृष्टीने पाहिले तर ‘एवढेच’ हे फार मोठे असते. मध्ये एकच नदी होती, पण तिच्या एका तीरावर देव ठेवणे अशक्य होते आणि दुसऱ्या तीरावर शक्य होते.

पुढे १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने डिचोलीच्या नार्वे येथे देवालयाचे बांधकाम सुरू झाले. देवालयावरील शिलालेखात शके १५९० ची नोंद आहे. त्याच्या आदल्याच वर्षी महाराजांनी बार्देशवर स्वारी केली होती आणि डिसेंबर १६६७ मध्ये पोर्तुगिजांशी तह झाला होता. नदीच्या काठावर, पोर्तुगीज राजधानीपासून थोड्याच अंतरावर हे देवालय पुन्हा बांधणे हे भक्तीचे कार्य होते, तसेच ती एक राजकीय घोषणाही होती. सीमेवरील वास्तू नेहमीच अशी दुहेरी भाषा बोलते. ती आपल्या माणसाला दिलासा देते आणि शेजाऱ्याला इशारा देते. या दोहोंपैकी कोणता स्वर मोठा ठरतो, हे नंतरच्या वर्तनावर अवलंबून असते.

डिचोलीचा नमाजगाह

डिचोली शहरालगतच्या टेकडीवर एक जुना नमाजगाह आहे. नमाजगाह किंवा ईदगाह ही मशिदीहून वेगळी वास्तू असते. ईदच्या दिवशी वस्तीबाहेरील मोकळ्या पटांगणात सर्वांनी एकत्र नमाज अदा करण्याची परंपरा मदिनेपासून चालत आली आहे. त्यामुळे नमाजगाहाला छत नसते, खोल्या नसतात. किब्ल्याची दिशा दाखवणारी एक भिंत, तिच्यात मध्यभागी मेहराब आणि दोन्ही टोकांना मिनार, एवढ्यात ही वास्तू पूर्ण होते. समोरचे पटांगण हाच तिचा मुख्य भाग होय. गोवा शासनाच्या संरक्षित स्मारकांत या नमाजगाहाचा समावेश आहे.

हा नमाजगाह औरंगजेबाचा पुत्र शाहजादा अकबर याने १६८३ च्या सुमारास बांधला, असे मानले जाते. अकबराने १६८१ च्या प्रारंभी पित्याविरुद्ध बंड केले. ते फसल्यावर तो दुर्गादास राठोडासह दक्षिणेत आला आणि छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाला राहिला. १६८३ मध्ये त्याचा मुक्काम डिचोली भागात होता. येथून समुद्रमार्गे इराणला जाण्याचा त्याचा प्रयत्न चालू होता. एका हिंदू राजाच्या मुलखात, एका मोगल शाहजाद्याला, त्याच्या लष्करातील मुसलमान शिपायांसाठी उघड्या टेकडीवर नमाजाची जागा बांधता आली. त्याच डिचोली महालात थोड्या अंतरावर पंधरा वर्षांपूर्वी शिवाजी महाराजांच्या आज्ञेने बांधलेले सप्तकोटेश्वराचे देवालय होते. दोन्ही वास्तू आज उभ्या आहेत.

अकबराच्या या मुक्कामाला सलोख्याच्या दृष्टीने आणखी एक महत्त्व आहे. १६८३ च्या अखेरीस पोर्तुगीज व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर याने फोंड्याच्या किल्ल्यावर केलेला हल्ला फसला. त्यानंतर संभाजी महाराजांनी गोव्यावर स्वारी केली आणि पोर्तुगिजांची राजधानी संकटात सापडली. इतक्यात शाहआलमच्या नेतृत्वाखाली मोगल फौज रामघाटाने उतरली. तेव्हा संभाजी महाराजांना माघारी वळावे लागले आणि पोर्तुगिजांशी वाटाघाटी करण्याचे काम शाहजादा अकबर व कवी कलश यांच्यावर आले. १६८४ च्या प्रारंभी तहाची कलमे ठरली. म्हणजे मराठे आणि पोर्तुगीज या दोन शेजाऱ्यांमध्ये मध्यस्थी करणारा माणूस होता एक परागंदा मोगल शाहजादा. हा तह पूर्णपणे अमलात आला नाही आणि चकमकीही चालूच राहिल्या. अकबर १६८७ मध्ये समुद्रमार्गे इराणकडे निघून गेला, तो परत आला नाही. मध्यस्थ गेला, तहाची कलमे मागे पडली, पण टेकडीवरची भिंत राहिली. त्यानंतर डिचोलीवर मराठे, सावंतवाडीकर आणि पोर्तुगीज यांनी राज्य केले. यांपैकी कोणीही मुसलमान नव्हता. तरीही ती भिंत पाडली गेली नाही, हीच या वास्तूची खरी साक्ष होय.

चिरा, चुना आणि गवंडी

सत्ता एकमेकींशी लढत असताना कारागीर काय करीत होते, हे पाहणेही उद्बोधक ठरते. गोव्यातील मशीद, मंदिर, चर्च आणि किल्ला यांचे मूळ साहित्य एकच आहे : जांभ्या दगडाचा चिरा आणि चुना. पावसाचा मारा सर्वांवर सारखाच, त्यामुळे उतरती कौलारू छपरेही सर्वत्र दिसतात. बांधणारे गवंडीही याच मातीतले. सतराव्या-अठराव्या शतकांत नव्याने उभ्या राहिलेल्या मंदिरांच्या रचनेत या सहवासाचा स्पष्ट ठसा दिसतो.

नार्वे येथील देवालयाचेच उदाहरण घ्यावे. त्याचा गाभाऱ्यावरील भाग अष्टकोनी बैठकीवर आधारलेल्या घुमटाचा आहे. घुमटाची ही पद्धत दख्खनच्या मुस्लिम वास्तुकलेशी नाते सांगते. सभामंडपाच्या रचनेत युरोपीय वळण आहे. समोर उंच दीपस्तंभ आहे. फोंडा भागातील मंदिरांत कमानी, अर्धस्तंभ आणि मजल्यांचे दीपस्तंभ यांतून हाच संगम अधिक ठळकपणे दिसतो. कवळे येथील शांतादुर्गेचे आजचे मंदिर छत्रपती शाहूंच्या अमदानीत नारोराम मंत्री यांच्या पुढाकाराने १७३८ च्या सुमारास पूर्ण झाले. ज्या पोर्तुगीज सत्तेच्या जाचामुळे ही देवता मूळ गावातून हलवावी लागली, त्याच सत्तेच्या चर्चमधून आलेली वळणे नव्या मंदिराने निःसंकोच स्वीकारली. गवंड्याच्या हाताला शत्रूची कमान परकी वाटली नाही. ती पावसाळ्यात टिकते का आणि डोळ्यांना बरी दिसते का, एवढेच त्याने पाहिले.

पेडणे : गड आणि हद्द

डिचोलीची कथा जशी प्रार्थनास्थळांची आहे, तशी पेडण्याची कथा मुख्यतः गडांची आणि हद्दीची आहे. पेडणे महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडे होता. तेरेखोल नदीच्या मुखाशी, तिच्या उत्तर तीरावर त्यांनी सतराव्या शतकात तेरेखोलचा किल्ला बांधला. हळर्णचा किल्लाही भोसल्यांच्याच ताब्यात होता. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय पेद्रो मिगेल द आल्मेदा याने हळर्ण घेतला. या विजयाबद्दल त्याला ‘मार्केझ द आलोर्न’ हा किताब मिळाला. पेडण्यातील एका खेड्याचे नाव अशा रीतीने पोर्तुगालच्या सरदार घराण्यात जाऊन बसले. त्याच वर्षी तेरेखोलही पोर्तुगिजांकडे गेला आणि पुढे त्या किल्ल्याच्या आत एक चर्च उभे राहिले.

गड ही उघडपणे युद्धाची वास्तू. तिच्यातून सलोखा कसा साधणार, अशी शंका येणे साहजिक आहे. परंतु पेडणे महाल शेवटी तोफांच्या बळावर नव्हे, तर करारान्वये पोर्तुगिजांकडे गेला. कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात साहाय्य मिळावे म्हणून सावंतवाडीकरांनी १७८८ मध्ये पेडणे त्यांना दिले. तत्पूर्वी १७८१-८२ मध्ये डिचोली आणि सत्तरी हे महाल कायमचे पोर्तुगीज अंमलाखाली आले होते. या सर्व मुलखाला ‘नव्या काबिजाती’ असे नाव पडले.

आता मुख्य प्रश्न येतो. १५६० च्या सुमारास ज्या सत्तेने दिवाडीवरील सप्तकोटेश्वराचे देवालय शिल्लक ठेवले नाही, त्याच सत्तेच्या हाती सव्वादोनशे वर्षांनी डिचोलीतील त्याच देवाचे नवे देवालय आले. या वेळी ते पाडले गेले नाही. पेडण्यातील भगवतीचे मंदिर राहिले, डिचोलीचा नमाजगाह राहिला, फोंड्याची साफा मशीदही राहिली. हा फरक कशामुळे पडला?

याची कारणे अनेक आहेत. मधल्या काळात पोर्तुगालची शक्ती क्षीण झाली होती. १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली आणि गोव्यावरही स्वारी केली होती. युरोपातील विचारांचे वारे बदलले होते आणि धर्मसमीक्षणाच्या न्यायालयाचा, म्हणजेच इन्क्विझिशनचा, जोर ओसरत चालला होता. १८१२ मध्ये ते कायमचे बंद झाले. परंतु सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे नव्या काबिजाती घेताना तेथील रहिवाशांचा धर्म, देवस्थाने आणि रूढी यांना हात लावणार नाही, असे वचन राज्यकर्त्यांना द्यावे लागले. पुढे या रूढींची लेखी संहिता तयार झाली. १८८६ मध्ये देवस्थानांच्या महाजनांच्या कारभारासाठी स्वतंत्र नियमावलीही करण्यात आली. या नियमांमागे सरकारी देखरेखीचा हेतू होता, हे खरे. तरीसुद्धा जी वास्तू एकेकाळी शत्रूची म्हणून पाडली जात होती, ती आता कायद्याच्या कक्षेत आली आणि म्हणूनच टिकली.

पेडण्याचे प्रसिद्ध देशप्रभू घराणे या बदलाचे उदाहरण म्हणून सांगता येईल. या हिंदू घराण्याला पोर्तुगीज राजाकडून ‘व्हिस्काउंट’ हा किताब मिळाला. पेडण्यातील त्यांच्या विस्तीर्ण वाड्यात आतील चौक आणि देवघर यांची रचना कोकणी-मराठी घराची आहे, तर दर्शनी भाग युरोपीय पद्धतीचा आहे. बाहेरच्या सत्तेशी व्यवहार आणि आत आपली जीवनपद्धती, अशी ही विभागणी घराच्या नकाशातच उतरली आहे.

सीमेचे शेवटचे दिवस आणि त्यानंतर

तथापि सलोखा एकदा झाला म्हणजे कायमचा झाला, असे कधी घडत नाही. भारत स्वतंत्र झाल्यावर पेडण्याची हद्द पुन्हा तापली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या नेतृत्वाखालील सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढील वर्षी त्याच दिवशी पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला. त्यात पंजाबमधून आलेले कर्नैलसिंग बेनिपाल हुतात्मा झाले. गोव्याच्या सीमांवर त्या दिवशी वीसहून अधिक सत्याग्रहींनी प्राण दिले. पत्रादेवीचे हुतात्मा स्मारक त्याची आठवण देते. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याच्या कारवाईने गोवा मुक्त झाला.

आता पाळी भारताची होती. पोर्तुगिजांनी बांधलेली शेकडो चर्च, किल्ले आणि वाडे भारताच्या हाती आले. साडेचारशे वर्षांच्या परकीय सत्तेची ही चिन्हे होती आणि त्यांच्याशी कटू आठवणी जोडलेल्या होत्या. परंतु ती सूड म्हणून पाडली गेली नाहीत. जुन्या गोव्यातील प्रमुख चर्च भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या देखरेखीखाली आली आणि १९८६ मध्ये त्यांचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मध्यंतरी ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले आणि दोन्ही देशांचे तुटलेले संबंध पुन्हा सुरू झाले. पुढे जुन्या वास्तूंचे जतन हा दोन्ही देशांतील अभ्यासकांच्या सहकार्याचा विषय झाला. तेरेखोल किल्ल्यातील चर्च आणि नार्वे येथील शिवकालीन देवालय ही दोन्ही आज एकाच राज्यात आहेत. गोवा शासनाने केलेल्या जीर्णोद्धारानंतर नार्वेचे देवालय २०२३ मध्ये भाविकांसाठी पुन्हा खुले झाले.

जगातील काही उदाहरणे

डिचोली-पेडण्याचा हा अनुभव इतर देशांतील उदाहरणांशी ताडून पाहता येतो. बोस्नियातील मोस्तार येथे नेरेत्वा नदीवर १५६६ मध्ये उस्मानी वास्तुविशारद हैरुद्दीन याने एका कमानीचा दगडी पूल बांधला. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी युद्धात तोफांच्या माऱ्याने तो कोसळला. आंतरराष्ट्रीय मदतीने त्याच पद्धतीचा स्थानिक दगड वापरून तो पुन्हा उभारण्यात आला आणि जुलै २००४ मध्ये खुला झाला. पूल जोडला गेला तरी गावातील समाजांमधील दुरावा लगेच मिटला नाही, हेही तेथील अनुभवाने दाखवले.

याउलट कंबोडिया आणि थायलंड यांच्या सीमेवरील प्रेह विहिअर हे प्राचीन शिवमंदिर वादाचेच कारण ठरले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९६२ मध्ये ते कंबोडियाचे असल्याचा निर्णय दिला. २००८ मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाल्यानंतर भोवतालच्या जमिनीवरून २०११ पर्यंत चकमकी झाल्या. २०२५ मध्येही त्या सीमेवर पुन्हा लढाई पेटली. वास्तूची थोरवी दोन्ही देशांना मान्य होती. तिच्याकडे कोणी, कोणत्या वाटेने जावे आणि भोवतालची जमीन कोणाची, यावर मात्र एकमत नव्हते.

आपल्या उपखंडातील करतारपूरचे उदाहरण ताजे आहे. पाकिस्तानातील गुरुद्वारा दरबार साहिब येथे भारतीय यात्रेकरूंना व्हिसाशिवाय जाता यावे म्हणून ९ नोव्हेंबर २०१९ रोजी मार्ग खुला झाला. सीमेपासून सुमारे साडेचार किलोमीटरवर असलेले हे स्थान तोपर्यंत अनेकांना दुरूनच पाहावे लागत होते. दोन्ही देशांतील तणाव वाढल्यावर मे २०२५ मध्ये भारताच्या बाजूने ही यात्रा थांबवण्यात आली. इमारत तीच, रस्ता तोच, पण कराराचा आधार डळमळताच दार बंद झाले.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. एक, वास्तू स्वतः होऊन शांतता निर्माण करीत नाही. नार्वेचे देवालय आणि प्रेह विहिअर या दोन्ही शिवाच्याच वास्तू, पण सीमेवर असताना त्यांचा प्रवास भिन्न झाला. दोन, शेजाऱ्याची वास्तू टिकते ती सहिष्णुतेच्या भावनेबरोबरच लेखी वचन, देखभालीचे उत्पन्न आणि ये-जा करण्याची मोकळीक यांच्या आधारावर. कदंबांनी गलबतांवर बसवलेला कर आणि नव्या काबिजातींतील रहिवाशांना दिलेले वचन ही याची उदाहरणे होत. १९५४ मध्ये हेग येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने युद्धकाळात सांस्कृतिक वास्तूंचे रक्षण करण्याचे जे बंधन राष्ट्रांवर घातले, त्यामागेही हाच विचार आहे. तीन, कोणत्याही एका धर्माच्या किंवा राष्ट्राच्या सत्तेने वास्तू फक्त पाडल्या किंवा फक्त राखल्या, असे इतिहास सांगत नाही. बहमनी फौजांनी हानी केली आणि आदिलशाही मुलखात आसरा मिळाला. पोर्तुगिजांनी पाडले आणि पोर्तुगिजांनीच पुढे राखले.

हा तिसरा मुद्दा आजच्या काळात विशेष महत्त्वाचा आहे. जुन्या वास्तूचा आधार घेऊन शेजाऱ्याच्या पूर्वजांचा हिशेब चुकता करण्याची प्रवृत्ती जगात सर्वत्र वाढताना दिसते. अशा वेळी विद्यार्थ्यांना वास्तूचा अर्धा इतिहास सांगणे धोक्याचे ठरते. केवळ दिवाडीवरील विध्वंस सांगितला तर मनात द्वेष राहील. केवळ डिचोलीतील आसरा सांगितला तर ते भाबडेपण होईल. दोन्ही सांगितले तर मात्र विद्यार्थी स्वतःच विचारू लागेल की, एकाच नदीच्या दोन तीरांवर असा फरक का पडला.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. दिवाडी ते नार्वे हा प्रवास फेरीबोटीने काही मिनिटांचा आहे. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींनी दिवाडीवरील मूळ स्थान पाहावे, नदी ओलांडून सप्तकोटेश्वराचे देवालय पाहावे, तेथून डिचोलीच्या टेकडीवरील नमाजगाह आणि परतताना जुन्या गोव्याचे चर्च पाहावे. चारही स्थळे एका दिवसात पाहून होतात. उर्दू माध्यमाच्या आणि मराठी माध्यमाच्या शाळांनी ही सहल एकत्र काढली, तर मुलांना परस्परांना विचारण्यासारखे पुष्कळ सापडेल. नमाजगाहाला छत का नाही, हे एक मूल सांगेल. दीपस्तंभावर दिवे कधी लावतात, हे दुसरे सांगेल. ज्या गोष्टी तहाच्या कलमांत लिहिता येत नाहीत, त्यांची ओळख त्यांना अशा सहवासातूनच होईल.